वार्षिकांकासाठी मुलांकडून स्वतःचं, खरंखुरं कसं लिहून घ्यायचं? (सातारा)

प्रश्न: अंक_सातारा

नमस्कार. साताऱ्यातल्या एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकाच्या संपादक मंडळात मी विद्यार्थी प्रतिनिधी आहे. यंदा ललित विभागासाठी 'कॉलेजने मला काय दिले' हा विषय ठरला. सूचना फलकावर नोटीस लावली, सगळ्या वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ४१ लेख आले. त्यातले तीसेक 'महाविद्यालयीन जीवन म्हणजे आयुष्यातील सुवर्णकाळ' अशा चालीवर सुरू होतात आणि 'ही शिदोरी आयुष्यभर पुरेल' अशा चालीवर संपतात. काही सरळ एआयकडून लिहून घेतलेले दिसतात. लिहिणारा पाटणचा की दहिवडीचा, वसतिगृहात राहतो की रोज एसटीनं ये-जा करतो, घरी शेती आहे की दुकान, काहीच कळत नाही. हीच मुलं कट्ट्यावर बोलायला लागली की ऐकत राहावंसं वाटतं. ते कागदावर येत नाही.

नेमके प्रश्न असे. नोटीस आणि विषय कसा बदलावा? बोलीत लिहिलेलं आलं तर प्रमाण मराठीत आणायचं का, कारण मंडळात यावर दोन मतं आहेत. ललित विभागाला ३२ पानं आहेत, त्यात किती लेख बसतात? आणि छापखान्यात मजकूर दिला की जोडाक्षरं फुटतात, त्याचं काय करायचं? छपाईसह हातात सात आठवडे आहेत.

उत्तर: खडू_डस्टर

आधी विषयाबद्दल, कारण निम्मं काम तिथंच बिघडलंय. 'कॉलेजने मला काय दिले' हा निरोप समारंभातला प्रश्न आहे. त्याला उत्तर म्हणून भाषणच येणार. मुलांची चूक नाही, शाळेपासून निबंध असेच लिहून घेतलेत. प्रश्न इतका लहान करा की त्याचं उत्तर शेजारी बसलेल्यालाही देता येऊ नये. प्रश्नात वेळ, जागा, वस्तू किंवा कोणाचं तरी बोलणं असलं पाहिजे. उदाहरणार्थ:

सकाळी घरातून निघाल्यापासून पहिल्या तासाला बाकावर बसेपर्यंत काय काय होतं? कुठली गाडी, किती वाजताची, ती चुकली तर पुढची कधी, कुठपर्यंत उभं राहावं लागतं?

डबा कोण भरतं, त्यासाठी किती वाजता उठतं, आणि तो तुम्ही कुठं बसून खाता?

गावच्या यात्रेला गेल्यावर 'काय शिकतोस' असं कोणी विचारलं, तुम्ही काय सांगितलं, त्यांना ते किती कळलं?

कॉलेजात आल्यावर तुमच्या बोलण्यातला कोणता शब्द गेला? कोणाच्या हसण्यामुळं?

पहिल्यांदा एकट्यानं केलेलं सरकारी काम कोणतं? उत्पन्नाचा दाखला, बँकेत खातं, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, काहीही. कोणत्या खिडकीवरून कोणत्या खिडकीवर पाठवलं, कोणता कागद कमी पडला?

वसतिगृहाच्या खोलीत तुमच्या वाट्याला आलेल्या जागेत आज नेमकं काय काय आहे?

असे आठ-दहा प्रश्न द्या आणि 'यातला एकच निवडा' असं बजावून सांगा. दोन निवडले की पुन्हा निबंध होतो.

नुसत्या नोटिशीवर थांबू नका. लिहायला बसवा. एका वेळी १५ ते २० मुलं, दीड तास, फोन दप्तरात, कागद-पेन हातात. सुरुवातीला नमुना म्हणून चांगला लेख वाचून दाखवायचा मोह होतो, तो टाळा. सगळे त्याच चालीवर लिहितात. त्याऐवजी पहिली दहा मिनिटं फक्त यादी करायला लावा: निवडलेल्या प्रश्नाशी संबंधित वस्तू, वेळा, आवाज, कानावर पडलेली वाक्यं. किमान २० नोंदी. पहिल्या सात-आठ सगळ्यांच्या सारख्या येतात, कँटीन, मित्र, ग्रंथालय. डोक्यात तयार असलेलं आधी बाहेर पडतं. बारा-तेरानंतर पेन थांबतं, मूल खिडकीबाहेर बघतं, आणि मग स्वतःच्या नोंदी यायला लागतात. म्हणून २० चा आकडा खाली आणू नका.

मग पाच मिनिटं याद्यांची अदलाबदल. जोडीदारानं ज्या नोंदीला 'म्हणजे काय?' असं विचारावंसं वाटेल, त्या तीन नोंदींपुढं खूण करायची. लिहिणाऱ्याला जे रोजचं म्हणून सांगण्यासारखं वाटत नाही, तेच दुसऱ्याला नवीन असतं. मग २५ मिनिटं न थांबता, न खोडता, फक्त खूण केलेल्यांपैकी एका नोंदीवर लिहायचं. उरलेल्या वेळात ज्यांना वाटेल त्यांनी वाचायचं. ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही, फक्त काय लक्षात राहिलं ते सांगायचं. कच्चा कागद घरी न्यायचा आणि आठवड्यात ६०० शब्दांपर्यंत लेख आणून द्यायचा.

वेळ सकाळी ११ ते १ च्या मधली ठेवा. दुपारनंतर ठेवलीत तर ये-जा करणारी मुलं गाडीसाठी निघून जातात आणि अंकात फक्त शहरातल्या मुलांचं लिखाण उरतं. बहुतेक वार्षिकांकांत हीच उणीव असते.

आणखी एक, खास साताऱ्यापुरतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, 'कमवा आणि शिका' रुजलं. या सनावळीवर दर अंकात एक लेख असतोच. पण आज 'कमवा आणि शिका'त काम करणारा मुलगा नेमकं काय करतो, दिवसाचे किती तास, पुस्तकांना पुठ्ठे चढवतो की बागेला पाणी घालतो, मिळालेले पैसे मेसमध्ये वळते होतात की घरी जातात, परीक्षेच्या आठवड्यात काम कसं जुळवतो, हे कुठंच छापून येत नाही. ते त्याच्याकडूनच लिहून घ्या. कर्मवीरांवरच्या लेखाशेजारी ते आलं तर दोन्हींना वजन येईल.

एआयच्या लेखांबद्दल: चोर पकडल्यासारखं करू नका. दहा मिनिटं समोर बसवा आणि त्याच्याच लेखातल्या वाक्यावर प्रश्न विचारा. 'मित्रांसोबत घालवलेले क्षण' असं लिहिलंय, तर त्यातला एक सांग. कुठं बसला होता? कोण कोण होतं? कोण काय म्हणालं? मूल बोलायला लागलं की त्याच्याच शब्दांत टिपून घ्या आणि कागद परत द्या: हे लिही. ज्यांचा हात लिहायला वळतच नाही, त्यांचं बोलणं परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. दहा मिनिटांच्या बोलण्याचे हजार-बाराशे शब्द सहज होतात, त्यातले ६०० ठेवायचे. फोनवरचं मराठी बोलून-टायपिंग चालतं, पण ते सहसा विरामचिन्हं देत नाही आणि बोलीतले शब्द परस्पर प्रमाण करून टाकतं, तेव्हा रेकॉर्डिंग ऐकत दुरुस्त करावंच लागतं.

आलेले ४१ लेखही फेकू नका. प्रत्येकाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. बऱ्याच लेखांत खरी सुरुवात तिसऱ्या परिच्छेदात असते. आधीचं सगळं घसा साफ करणं असतं.

उत्तर: माणदेशी_अनुस्वार

बोलीबद्दल लिहितो. मंडळात दोन मतं आहेत कारण 'बोली' आणि 'अशुद्ध' यांची गल्लत होतेय. 'व्हतं', 'न्हाई', 'कुटं', 'जायाचं', 'गेलता' ही चूक नाही, ती भाषा आहे. 'माहीती', 'विद्यार्थि', 'आशिर्वाद' ही लेखनाची चूक आहे. दुसरी दुरुस्त करा, पहिलीला हात लावू नका.

धोरण लेखागणिक ठरवा, अंकागणिक नाही. तीन तऱ्हा दिसतील. पूर्ण प्रमाण भाषेत लिहिलेला लेख. निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत असलेला लेख, जो सगळ्यात जास्त येतो, आणि तो नैसर्गिक आहे, कारण मूल लिहिताना शाळेची भाषा वापरतं आणि आई बोलायला लागली की आईची. आणि पूर्ण बोलीतला लेख. तिन्ही चालतील. फक्त एका लेखात एक शब्द एकाच रूपात हवा. 'गेलता' आणि 'गेल्ता' दोन्ही आले असतील तर मुलाला विचारा, तू कसं म्हणतोस? स्वतःच्या अंदाजानं ठरवू नका, कारण जिल्ह्यात एकच बोली नाही. पाटणच्या खोऱ्यातली वेगळी, माण-खटावची वेगळी, कराड पट्ट्यातली वेगळी. पलीकडं सांगली जिल्ह्यात जतच्या बऱ्याच घरांत तर कन्नडच बोलतात. तशा मुलाच्या लेखात आजीचं वाक्य कन्नडमध्ये आलं तर ते देवनागरीत तसंच ठेवा, उच्चार त्याच्याकडूनच लिहून घ्या. अर्थ पुढच्या वाक्यातून कळत असेल तर कंसात खुलासा देऊ नका. कंस आला की आजी तक्त्यातलं चित्र होते.

'केले' की 'केलं'? निवेदनात एकारान्त आणि बोलण्यात अनुस्वार ही नेहमीची रीत आहे. १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम मुद्रितशोधकाजवळ छापून ठेवा. पण ललित लेखात निवेदनही 'केलं, गेलं' असं असेल तर ते पूर्ण लेखभर तसंच राहू द्या. अर्धा लेख 'होते' आणि अर्धा 'होतं' असा झाला तर तो दोन माणसांनी लिहिल्यासारखा वाचला जातो. बहुतेक वेळा तो झालेला असतो संपादकानं मध्येच दुरुस्ती सोडून दिल्यामुळं.

इंग्रजी शब्दांचंही तेच. मुलं 'सबमिशन', 'जर्नल', 'बॅकलॉग', 'एटीकेटी' म्हणतात. त्याचं 'प्रात्यक्षिक नोंदवही सादरीकरण' करू नका. कॉलेजमधलं कोणीच तसं बोलत नाही.

एका गोष्टीची मात्र कळकळीनं विनंती. प्रमाण भाषेत आलेल्या लेखात गंमत आणायला म्हणून संपादकानं 'लई भारी', 'आरं बाबा' घुसडू नये. बोली फक्त हसवण्यासाठी वापरली की ती बोलणारं मूल पुढच्या वर्षी लिहायला येत नाही. बोलीत दुःखही येतं, हिशोबही येतो, विज्ञानाच्या प्रॅक्टिकलचं वर्णनही येतं. असे दोन-तीन लेख मिळाले तर विभागाच्या सुरुवातीला लावा, 'ग्रामीण कट्टा' असं वेगळं पान करून मागं टाकू नका.

उत्तर: ताव_फॉर्मा_सांगली

छपाईचं बघतो. तुमचा अंक नेहमीच्या डेमी पाव आकाराचा, म्हणजे कापून साधारण साडेआठ बाय अकरा इंच, असेल असं धरतो.

पानांचा हिशोब. १२ पॉइंट मजकूर, दोन स्तंभ, ओळींत पुरेशी हवा, असं पान भरून साधारण ५०० शब्द. शीर्षक, नाव, एखादं रेखाचित्र गेलं की ४५० धरा. ३२ पानांचे झाले साधारण १४,४०० शब्द. ६०० ते ७०० शब्दांचा लेख दीड पान घेतो. म्हणजे १८ ते २० लेख. मी १८ घेईन आणि उरलेल्या जागेसाठी ८० ते १२० शब्दांचे तुकडे वेगळे मागवीन. लेख दीड पानावर संपला की अर्धं पान रिकामं राहतं, तिथं ते बसतात. नाहीतर तिथं सुविचार येतात.

एकूण पानं १६ च्या पटीत ठेवा. २३ बाय ३६ इंची एका तावात डेमी पावची १६ पानं निघतात, त्याला एक फॉर्मा म्हणतात. ९६ किंवा ११२ ठीक. १०० पानं केलीत तर चार पानांसाठी वेगळी प्लेट आणि वेगळी छपाई, कागदही वाया. ललितचे ३२ म्हणजे बरोबर दोन फॉर्मे, हे सोयीचं आहे. रंगीत छायाचित्रं एकाच फॉर्म्यात घेतली तर बाकीचा अंक एका रंगात स्वस्तात होतो.

बांधणी: ८० पानांपर्यंत मधोमध पिन चालते. त्यापुढं अंक फुगतो, मधली पानं कापताना अरुंद होतात. मग परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला डिंक लावून चिकटवलेली बांधणी. त्यात आतला समास किमान २० मिलिमीटर सोडायला पानं मांडणाऱ्या डीटीपीवाल्याला आधीच सांगा, नाहीतर ओळीचं टोक डिंकात जातं. कागद ७० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅमचा, मॅपलिथो सर्रास वापरतात, पण दोन्ही बाजूंना गडद छायाचित्रं असतील तर पलीकडचं दिसतं. तिथं ८० घ्या. मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड.

छायाचित्रं: व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या चित्राची लांब बाजू सहसा १६०० पिक्सेलच्या आसपास उतरते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे ते चित्र सव्वापाच इंचापेक्षा मोठं छापलं की मऊ पडतं. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

आता जोडाक्षरं. मजकूर फोनवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये टाइप होतो. बऱ्याच छापखान्यांत अजून पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर आणि युनिकोड नसलेले श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट आहेत, त्यामुळं मजकूर त्या फॉन्टात बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून जातो. फुटतं ते तिथं. सगळ्यात जास्त फुटतो तो 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला ऱ्य, कारण युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त (पाय मोडायची खूण), दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. कन्व्हर्टरला बहुधा एकच तऱ्हा कळते. तेच 'ॲ' चं: एक अखंड अक्षर म्हणून येतं, किंवा अ आणि वर चंद्र असं दोन भागांत. मजकूर देण्याआधी सगळ्या फाइलींत शोधा-बदला करून एकच तऱ्हा ठेवा.

त्याआधी चाचणी घ्या. 'दुसऱ्या, तऱ्हा, ऱ्हास, ॲडमिशन, ऑफिस, कँटीन, ज्ञान, श्रद्धा, दृष्टी, हृदय, ट्रॅक्टर, मार्च' एवढे शब्द, १ ते ० आकडे, दोन्ही प्रकारची अवतरणचिन्हं आणि तीन टिंबं असा एक परिच्छेद छापखान्याला द्या आणि कागदावर छापून मागा. काय फुटतं ते पहिल्याच दिवशी कळेल. छापखान्यात इनडिझाइन हे नवं मांडणीचं सॉफ्टवेअर असेल तर कन्व्हर्टरची गरजच नाही, फक्त परिच्छेदाला भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर लावलेला आहे का ते विचारा. तो नसला तर वेलांट्या भलत्या जागी जातात. फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' बघा. २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय, पण पुष्कळ युनिकोड फॉन्ट आपोआप हिंदी वळण दाखवतात.

फाइल वर्डची, एका लेखाला एक फाइल, नावात आधी क्रमांक. लेखाखाली लेखकाचं पूर्ण नाव आणि वर्ग त्यानं स्वतः टाइप केलेला. नावं दुसऱ्यानं टाइप केली की 'शितल-शीतल' चे घोळ होतात, आणि अंक हातात आल्यावर मूल सगळ्यात आधी स्वतःचं नाव बघतं.

प्रुफं, म्हणजे तपासायला छापून घेतलेली पानं, तीनदा. पहिलं दोघांनी मिळून: एकानं मूळ लेख मोठ्यानं वाचायचा, विरामचिन्हांसकट, दुसऱ्यानं प्रूफवर खुणा करायच्या. दुसरं लेखकाकडं. तिसऱ्यात फक्त सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का, आणि शीर्षकं, नावं, फोटोओळी, अनुक्रमणिकेतले पान क्रमांक. मोठ्या टाइपातली चूक सगळ्यात उशिरा दिसते, कारण शीर्षक आपण वाचत नाही, ओळखतो.

सात आठवडे असे वाटा: पहिला नोटीस आणि लिहिण्याच्या दोन बैठका, दुसरा मुलांनी लिहायला, तिसरा-चौथा संपादन, पाचवा मांडणी, सहावा प्रुफं, सातवा छपाई आणि बांधणी. छपाईचा आठवडा कधीच कापू नका. लॅमिनेशन आणि डिंक वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, पावसाळी हवेत थोडा जास्तच.

उत्तर: कृष्णाकाठ_४५फूट

सांगली-मिरजेतलं कोणी वाचत असेल तर एक भर. इथं मुलांना विषय दिला की महापूर येतोच, २०१९ आणि २०२१ चा. पण 'महापुराने काय शिकवले' असं विचारलं की वर्तमानपत्रातली वाक्यं येतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथूनच विचारा: तुमच्या घरी कितव्या फुटाला काय उचललं जातं? आधी गॅस की कागदपत्रं? दहावीचं मार्कलिस्ट कुठं ठेवलेलं असतं? पाणी ओसरल्यावर सगळ्यात आधी काय धुतलं? २०१९ मध्ये सहावी-सातवीत असलेली मुलं आता कॉलेजात आहेत. लहानपण संपल्याची खूण त्यांना बहुधा तिथंच सापडते, पण नेमका प्रश्न विचारल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

अंक_सातारा

खूप आभार. बैठकीची वेळ सकाळी ११ ची ठरवतो. चाचणीचा परिच्छेद उद्याच छापखान्यात देतो.

एक अडचण राहिली. आलेल्या लेखांत तीन असे आहेत जे खरे आहेत, पण छापावेत की नाही कळत नाही. एका मुलीनं बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत रोज होणाऱ्या त्रासाबद्दल लिहिलंय. एकानं वसतिगृहातल्या सीनियरांबद्दल. तिसऱ्या लेखाच्या शेवटी 'आता नको वाटतं सगळं' अशा अर्थाच्या चार ओळी आहेत. नावं काढून छापलं तर चालेल का?

उत्तर: जिना_नंबर_दोन

तिसऱ्याचं आज करा, अंकाचं नंतर. त्या चार ओळी साहित्य म्हणून वाचू नका. त्या मुलाला आज भेटा, एकट्यात, आणि सरळ विचारा की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला तर एकटं सोडू नका. त्याचा विश्वास असलेल्या शिक्षकांना आणि घरच्यांना सोबत घ्या. टेलिमानस १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा सरकारी मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. विद्यार्थी संपादकानं एकट्यानं पेलायचं हे ओझं नाही.

वसतिगृहाच्या लेखात रॅगिंगचं वर्णन असेल तर त्यावर आधी तक्रार हवी, लेख नव्हे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती असावीच लागते, आणि १८००-१८०-५५२२ या हेल्पलाइनवर चोवीस तास तक्रार करता येते. तक्रारीआधी लेख छापला तर सीनियर सावध होतात आणि लिहिणाऱ्याला शोधत बसतात. मुलीच्या बाबतीत त्रास देणारा कॉलेजमधलाच असेल तर अंतर्गत तक्रार समिती आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं तक्रारीला साधारण तीन महिन्यांची मुदत घातलीय, म्हणून अंक निघेपर्यंत थांबू नका. बाहेरचा असेल तर पोलीस, ११२. तक्रार करायची की नाही हे तिनं ठरवायचं. तुम्ही फक्त वाट दाखवायची आणि तिला हवं असेल तर सोबत जायचं.

आता छापण्याबद्दल. नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. कॉलेजात गाव, वर्ग आणि घरची एक गोष्ट, एवढ्या तीन खुणांवर माणूस ओळखता येतो. 'मेढ्याहून येणारी, बीएस्सी दुसऱ्या वर्षाची, वडील एसटीत' एवढं वाचलं की वर्गाला कळतं. यातल्या किमान दोन खुणा काढा किंवा बदला, पण लेखिकेला विचारूनच, आणि काय बदललं ते तिला दाखवून. खडू_डस्टर यांनी बारकावे मागायला सांगितलंय ते खरंच आहे. अशा लेखात मात्र बारकावे ठिकाणाचे ठेवा, माणसाला शोधून काढणारे नकोत. रस्त्यावरचे बंद दिवे, पाठीमागून येणाऱ्या गाडीचा आवाज, तिनं बदललेला रस्ता आणि त्यामुळं लागणारी जास्तीची दहा मिनिटं, हे राहिलं तर लेखाचं बळ जात नाही.

प्रत्येक लेखकाकडून, नुसत्या या तिघांकडून नाही, लेखी परवानगी घ्या. दोन वेगळ्या ओळी, दोन वेगळ्या सह्या: छापील अंकासाठी एक आणि संकेतस्थळावरच्या पीडीएफसाठी एक. छापील अंक कपाटात जातो. पीडीएफ वर्षानुवर्षं नाव टाकून सापडते, नोकरी देणाऱ्यालाही आणि स्थळ बघणाऱ्यालाही. लेखाचा कॉपीराइट लिहून दिल्याशिवाय लेखकाचाच असतो, म्हणून पुढं दुसरीकडं छापायचं झालं तर पुन्हा विचारायचं. सही घेताना एक प्रश्न विचारा: हा अंक घरी टेबलावर पडलेला चालेल का? वडिलांची दारू, बहिणीचं मोडलेलं लग्न, मित्राची उधारी अशा गोष्टी लेखकाच्या एकट्याच्या नसतात. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो ओळखता येत असेल तर त्याचीही संमती घ्या, नाहीतर तो भाग काढा. आणि शेवटच्या प्रूफपर्यंत कोणालाही लेख मागे घेता यावा, कारण न विचारता.

अंक_सातारा

तिसऱ्या मुलाला भेटलो, आता त्याच्यासोबत आमच्या विभागातल्या मॅडम आहेत. बाकी दोन लेख सध्या बाजूला ठेवतोय, दोघांशी उद्या बोलणार.

नवी नोटीस अशी लिहिलीय, बघून सांगा:

'वार्षिकांकाच्या ललित विभागासाठी लेखन हवे आहे. खालील दहा प्रश्नांपैकी एकच निवडा. ६०० शब्दांपर्यंत लिहा. ८० ते १२० शब्दांचे छोटे तुकडेही चालतील. घरी जसे बोलता तसे लिहिले तरी चालेल. लिहायला जमत नसेल तर येऊन बोला, आम्ही लिहून घेऊ. बैठक मंगळवारी व गुरुवारी सकाळी ११ वाजता, वाचन कक्षात. कागद आम्ही देऊ. नाव छापायचे की नाही ते तुम्ही ठरवाल. दर्जेदार लेखांनाच प्राधान्य दिले जाईल.'

खडू_डस्टर

शेवटचं वाक्य काढा. ते वाचून जी मुलं येणार नाहीत, तुम्हाला नेमकी तीच हवी आहेत. त्या जागी लिहा: 'शेवटची गाडी किती वाजता आहे ते आल्यावर सांगा, त्याआधी सोडू.' आणि नोटीस फलकावर लावालच, पण एक प्रत एसटीचे पास जिथं मिळतात त्या खिडकीजवळ लावता आली तर बघा.